चार एक सहा, चार एक सहा

माझ्या गावाचा पिनकोड अडखळत बोलतो,
चार एक सहा, चार एक सहा,
समोरच्याला ऐकू गेलं नाही म्हणून
कुणी पुन्हा सांगावं तसा.
पाकिटाच्या मागे तो मी शिक्क्यानं उठवते.
शिक्का मीच कोरला. आधी सरळ कोरला होता,
तर उमटला उलटा.

लिनोलियमचं असंच.
काढून टाकलं ते पांढरं राहतं,
ठेवलं तेवढंच काळं बोलतं.
यंत्र नाही. आमटीच्या डावाची पाठ
कागदावर फिरवत राहते, मनगट भरून येईतो.
आतून आई विचारते, डाव मोकळा झाला का?

सध्या दोन कामं चालू, तिसरं नुसतं पडलंय
(मिरजेत सतारीसाठी वाळत टांगलेले भोपळे,
ज्यांचा गोल मला अजून सापडत नाही).
पहिलं, हळदीच्या पेठेतल्या हमालांच्या पाठी.
सिदराम ऐनापुरेंनी आपली पाठ बघितली,
म्हणाले, झ्याक. पण तोंड कुठाय माझं?

त्या शाईत मी खरी हळद घातली होती.
सहा महिन्यांनी चंदीगडहून निरोप,
पिवळा उडाला.
हळद उन्हाला टिकत नाही, हे सांगलीत
शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मी पैसे परत केले, चित्र त्यांनी ठेवून घेतलं.
कोण बुडालं, अजून हिशेब लागत नाही.

आणि दुसरं, पुराच्या रेषा.
पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या,
कपात चहाची राहते तशा.
पुण्याच्या एका बाईंनी विचारलं,
रेष जरा खाली घेता येईल का?
आमचा सोफा उंच आहे.
मी लिहिलं, ती मी ठरवलेली नाही.
ऑर्डर गेली.

मंगळवारी एक आली, पिनकोड माझाच.
गावभाग. चालत आठ मिनिटं.
तरी ॲपनं कुरियरचे सत्तर लावलेच.
गेले पाकीट काखेत मारून,
आणि दारातच थबकले.
पुरानंतरच्या आठवड्यात, चिखल उपसणं चालू असताना,
याच उंबऱ्याबाहेर उभं राहून
मी वही भरली होती. न विचारता.

आत भिंत आता फिकट गुलाबी.
भूपाल मगदूम म्हणाले, पोराच्या लग्नात रंग दिला.
रेष गेली, वाटलं बरं झालं, पीडा गेली.
पण पावणं आलं की हात आपसूक वर जातोय बघ,
हितवर पाणी हुतं, म्हणतोय मी,
आणि माणसं गुलाबी रंगाकडं बघत्यात.
मग पोरीनं मोबाईलवर दावलं. म्हटलं,
ही तर आपली भिंत.

मी माफी मागायला तोंड उघडलं.
ते म्हणाले, चालत आलीस नव्हं?
मग कुरियरचं सत्तर परत दे.
दिले.

खिळा ठोकायला ते स्वतः स्टुलावर चढले.
चौकट नाही, चौकटीतली रेष
त्यांनी कधीच्या आठवणीवर टेकवून बघितली,
थोडी वर, आणखी थोडी,
चित्र ट्यूबलाइटच्याही वर गेलं.
माझी सही दिसेना. सात भागिले वीस, तेही नाही.
मान मोडेपर्यंत वर बघितलं
तर फक्त काळं, आणि त्यात ती पांढरी.

खाली उतरून त्यांनी हात वर केला.
काही बोलले नाहीत.
आत कुकरची शिट्टी झाली.

घरी येऊन डाव धुतला, आईला दिला.
विक्रीच्या वहीत रकाने आहेत,
आकार, किंमत, कागद, पिन.
उंचीसाठी रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं,
स्टुलावरून, टाचा उंचावून.