चारशे लिटर

"चारशे लिटर म्हणजे किती?" मी विचारलं.
गुणवंत मिस्त्रींनी फळीवर टाच आपटली, ऐकलं.
"सात पाहुणे समजा, ताई.
एकाच जागी उभे.
अन् कोणीच घरी जाऊन नाही राह्यलं."

हंसापुरीतली माडी.
खाली निमजे काकूंचं शिलाई मशीन,
त्यांच्या डोक्यावर माझी हौस.

टाकी तुळयांना आडवी ठेवा, ते म्हणाले,
एकीवर नको, चौघींवर भार.
जुन्या सागाला नवा साग बिलगवला,
बोल्ट आवळले. भुसा
काकूंच्या ब्लाउजांवर पडला. त्या बोलल्या नाहीत,
नुसतं मशीन सरकवलं.

रात्री आधी कन्हानची वाळू, मग पाणी,
बादलीगणिक थांबत.
अठराव्या बादलीला लाकूड
कुर्र झालं.

खालचं मशीन थांबलं.
मीही.

मग फळ्यांच्या फटीतून काकू:
"मासे किती?"