चुकलेला निळा

सासऱ्यांची अक्षरं भिंतीवर, काचेत.
कोपऱ्यात लाल शिक्का, नावाचा.
सासूबाईंचं कापड ताटावर,
माशा बसू नयेत म्हणून.

मोशीच्या चिंध्या सगळ्या : कुणाच्या झग्याची कड,
जावेच्या बाहीतून उरलेला तिरपा तुकडा,
एक तर नखाएवढा.
मधोमध, चिमटीत धरून उचलायला
चिमणीच्या चोचीइतका फास.

हानसानकडच्या बायका मोशीची साल दातांनी चिरतात,
ओठ सोलवटतात, दाताला खाच पडते.
यांच्याही पुढच्या दाताला आहे.
हसताना हात तोंडावर जातो, तो तेवढ्यासाठी.
लोक म्हणतात, किती लाजाळू बाई.
नावच मालसुन. म्हणजे शेवटची, आणि ऐकणारी.
चौथी मुलगी झाल्यावर बापानं ठेवलेलं.
नंतर आणखी दोघी झाल्या.

सासरे गेल्यावर देजॉनहून एक पारखी आला.
अक्षरं पाहिली, चहा प्याला,
"बरी आहेत," म्हणाला.
जेवायला बसताना त्यानं कापड उचललं
आणि खाली ठेवायचं विसरला.
दारातून ऊन येत होतं.
त्याच्या सदऱ्यावर, भातावर, मुळ्याच्या किमचीवर
फिकट चौकोन सांडले,
शिवणी शाईने ओढल्यासारख्या काळ्या.
त्यानं ते उलटलं. पुन्हा उलटलं.
उलटी बाजू सापडेना.

"कुणी केलं?"
"उरलंसुरलं आहे. जेवा, निवतंय."

त्यानं आकडा सांगितला.
माझ्या हातातली पळी तशीच राहिली.
"नाही द्यायचं," त्या म्हणाल्या.
मला वाटलं, आठवण असेल कसली,
आता डोळ्यांत पाणीबिणी येईल.
त्यांनी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं :
"हा निळा चुकलाय.
शेजारच्या राखाडीवर खेकसतो.
धाकटा पोटात होता तेव्हाच कळलं होतं मला.
उसवायला वेळ कुठे होता?"

पारखी गेला. भांडी मी घासली.
त्या ओसरीच्या फळ्यांवर बसल्या,
तोंडावर हात न घेता
दातांनी टाका तोडला.
मग उठून सासऱ्यांची शाईची पेटी उघडली,
ब्रश पुसायचं फडकं काढलं,
कितीदा धुतलेलं, धुरकट,
त्याचा एक कोपरा निळ्याच्या जागी धरला,
डोळे बारीक केले.

"हाही नाही," म्हणाल्या,
आणि दिवा जरा अलीकडे ओढ म्हणाल्या.