सातशे बत्तीस

शाळेच्या प्रयोगशाळेचं भंगार निघालं तेव्हा
स्पिरिटचे दिवे, तडकलेल्या काचनळ्या
आणि वेळ न सांगणारं हे पितळी घड्याळ
डोमाजीमामाने दीडशे रुपयांत उचललं.
वीटभट्टीच्या हिशेबखोलीत, हजेरीच्या वह्यांवर, खिळ्याला टांगलं.

तबकडीवर इंग्रजीत चार शब्द. मास्तरांनी अर्थ सांगितले:
वादळ, पाऊस, बदल, निरभ्र.
काटा पावसावर बसला तो बसलाच.
वैशाखात कुत्री टाक्याखालच्या ओलीत पोट घासत होती, तेव्हाही पाऊस.
पौषात आभाळ घासल्या ताटासारखं, तेव्हाही पाऊस.
घमेली वाहणारी माणसं येता-जाता त्याला हात जोडायची:
"काऊन बापा, आज बी पाणीच काय?"

चूक काट्याची नव्हती.
शब्द लिहिणारा समुद्राकाठी राहत असावा.
आम्ही त्याच्या पाण्याहून तीनशे मीटर वर;
तेवढी हवा आमच्या डोक्यावरून वजा.
हे कळायला मला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला.
मग शब्दांवर चिकटपट्टी लावली,
आकडे तेवढे उघडे ठेवले.

विटांच्या वहीत मागच्या पानापासून उलटी लिहीत गेले:
सकाळी दहा. दुपारी चार. रात्री दहा.
आणि जाग असली तर पहाटे चार.
जाग असतेच. पेटल्या भट्टीपाशी कुणीतरी लागतं.

दहाला चढतो, चारला उतरतो,
पुन्हा दहाला चढतो, पहाटे पुन्हा थोडा खाली.
दोन-अडीच मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर.
ढग असोत, नसोत.
समुद्र मी पाहिलेला नाही.
पण इथे, तुराट्यांच्या गंजीवर, टिनाच्या शेडवर,
दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओसरते,
आणि कुणाचा पाय भिजत नाही.

फाल्गुनातला मंगळवार.
बावीस हजार कच्च्या विटा उन्हात मांडलेल्या.
अर्ध्या तासाची सर आली, की त्यांची परत माती.
दहा वाजले आणि काटा चढला नाही.
काचेवर टिचकी मारली.
थरथरला, आणि खाली सरकला.
सातशे एकोणतीस.
दारात येऊन पाहिलं. आभाळाला डाग नव्हता.

"ताडपत्र्या काढा."
"पंचफुले, त्या डब्याच्या नादी लागून इटा झाकाच्या?"
"झाका, मामा."
माणसं भर उन्हात ताडपत्र्यांवर दगड ठेवत राहिली.
मला ऐकू जाईल इतपत हळू बोलत राहिली.

तीनला वारा पडला. नदीपलीकडून काळं उठलं,
गावावरून गेलं, तसंच पुढे गेलं.
ताडपत्रीवर सहा थेंब. मी मोजले.
त्या संध्याकाळी भट्टीवर एवढं हसू
दिवाळीलाही झालं नव्हतं.

रात्री थोरल्या बहिणीचा फोन.
आठ कोसांवर, तिच्याकडे, लिंबाएवढ्या गारा.
संत्र्याचा आंबिया बहार झाडाखाली पांढरा पडलेला.
ती रडत होती, आणि मला आत कुठेतरी
बरं वाटलं, की काटा खरा निघाला.
त्या बरं वाटण्याची लाज अजून गेली नाही.

तो आमच्या शेताचं बोलतच नाही.
जिल्हाभर पसरलेल्या घोंगडीचं बोलतो:
हलकी झाली म्हणतो, जड झाली म्हणतो.
कुठलं टोक भिजेल, हे विचारलं तर गप्प.

डोमाजीमामा आता शिदोरी सोडण्याआधी विचारतो,
"किती हाय?"
आकडा ऐकून मान हलवतो,
बाजारातला भाव ऐकल्यासारखी.
काल भाकर मोडता मोडता म्हणाला,
"सातशे बत्तीस म्हंजे आपला घरचा, नाही का व?"

हो, मामा. घरचाच.
चार वाजत आले होते. मी वही उघडली.