बद्द

टॉल्सबरीच्या खाडीकाठी, टेकूंवर उभी आहे होडी.
चोवीस फुटी, चौऱ्याहत्तर सालची, माझी गेल्या मार्चपासून.
एकेकाळी पांढरी होती. आता हात फिरवला
की तळव्याला खडू लागतो.

कीबलबाई दोन पेन्सचं नाणं काढतात
आणि तिच्या पोटावर वाजवत जातात, वीतवीत अंतराने.
टण. टण. टण.
आमच्याकडे मडकं असंच वाजवून घेतात, मी म्हणते.
"मग तूच ऐक," म्हणून नाणं माझ्या हातात.
टण. टण. बद्द.
तिथे पेन्सिलीने गोल.

दिवेलागणीपर्यंत एकतीस गोल.
तेवीस वर्षं कोलचेस्टरच्या इस्पितळात
मी माणसांच्या छातीचे फोटो काढले.
श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.
डाग दिसला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही,
सांगणं डॉक्टरांचं काम.
होडी काही वर बघून विचारत नाही.
तरी मी चेहरा सरळच ठेवला.

फोड फोडला की एक थेंब येतो,
आंबूस, चिकट, व्हिनेगरच्या वासाचा.
पाणी शिरलं केसाएवढ्या वाटेने, वर्षानुवर्षं,
आणि आत जाऊन पाणी राहिलं नाही.

मग ग्राइंडर. मास्क, चष्मा, मनगटांना चिकटपट्टी,
तरी काच शिरतेच.
रात्री कोपराच्या लवणात खाजत राहते.
थंड पाण्याने धू, बाईंचा दंडक,
ऊन पाण्याने रंध्रं उघडतात, काच घर करते.
आणि खड्डा बशीसारखा हवा, वाटीसारखा नको.
पाव इंच खोलीला तीन इंच उतार.
"नव्याला धरायला जुनं पुष्कळ लागतं," एवढं बोलून
त्या चहा प्यायला गेल्या.

सतराव्या गोलाखाली
कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं.
ठिगळ. पिवळं पडलेलं, घाईचं,
हार्डनर जास्त झाल्याने तडकलेलं,
आतले पदर कोरडेच राहिलेले,
आणि कडेला, राळेत गोठलेला, अंगठा.
मी दिवा तिरका धरला.
शंख नाही. चक्र.

बाई आल्या. चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ बघत राहिल्या.
मग स्वतःचा अंगठा डांगरीला पुसून पाहिला.
पन्नास वर्षांच्या पॉलिश पेपरने, ॲसिटोनने
तिथे आता काही ठेवलेलं नव्हतं,
नुसतं गुळगुळीत कातडं.
"फेब्रुवारी होता," म्हणाल्या.
"राळ धरत नव्हती, म्हणून जास्त ओतलं.
पोरगं घरी तापाने फणफणलेलं.
काढ ते सगळं."

मी चेहरा सरळ ठेवला.
पुढे काय झालं, विचारलं नाही.
ग्राइंडरला सात सेकंद पुरले.

मेपासून ऑगस्टपर्यंत ती उघड्या जखमांनी वाळत राहिली.
दर रविवारी मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा.
सप्टेंबरात हवा अठरा अंशांवर थांबली
तेव्हा राळ काढली, थेंब मोजून हार्डनर.
काचेचं कापड कापायचं नाही, फाडायचं,
म्हणजे कडा मिसळून जातात.
ब्रशखाली ते आधी पांढरंशुभ्र असतं,
भिजत भिजत करडं, मग दिसेनासंच होतं,
आणि आहे तिथेच असतं.
उरलेली राळ कपात आपोआप तापते.
हात लावू नये. मी लावला.

मग चारशेचा कागद, आठशेचा, बाराशेचा, पाणी मारून मारून,
शेवटी मेणाचा बोळा.
कल्हईवाल्याच्या फडक्यामागून उजेड धावायचा
तसा धावला, फक्त एकदा, मधल्या पट्ट्यावर.
बाकी ठिकाणी अजून मेहनत आहे.

बाई पुन्हा नाणं वाजवत गेल्या.
टण. टण. टण.
सोळाव्यावर टण.
सतराव्यापाशी त्यांनी नाणं माझ्या हातात दिलं,
म्हणाल्या, भरती येतेय, शिडी आत घे,
आणि शेडकडे चालू लागल्या.

मी वाजवलं नाही.
नाणं अजून डांगरीच्या खिशात आहे,
काढायचं राहून जातं.
शनिवारी कपडे धुताना
मशीनच्या आत कुठेतरी वाजत असतं.