निरंक

एकतीस डिसेंबर. स्टोक-ऑन-ट्रेंटला चारलाच अंधारलेलं.
लाँगटनच्या वखारीत मी बशा मोजत होते,
बोटं उघडी टाकणारे हातमोजे घालून:
एकशे बारा पॅलेट, प्रत्येकावर तीनशे साठ,
कागदाशी ताळमेळ तंतोतंत.
हिरव्या पेनाने खूण केली. नोकरीचं पहिलंच वर्ष.

मॉरीन टनिक्लिफ तिथे चौतीस वर्षं.
इकडे सगळ्यांनाच लाडाने ‘डक’ म्हणतात, मलाही म्हणाली:
“मोजलंस बरोबर, डक. आता ऐक.”
वरच्या थरातली एक उचलून
तिने पेराने टिचकी मारली.
बद्द.
दुसरी. बद्द.
तिसरी तिने वाजवलीच नाही, माझ्या हातात दिली.

कराडच्या बाजारात आई
चाळीस रुपयांचा माठ तीन-तीनदा वाजवायची,
कुंभार वैतागेपर्यंत.
आणि इथे चाळीस हजार बशा
पहिल्या प्रतीच्या भावाने ताळेबंदात बसलेल्या.

वित्त संचालक कोपस्टेक हसले. “रक्कम मर्यादेच्या आत आहे.”
मर्यादा आमच्याच फर्मने आखलेली.
लेखापरीक्षण समितीत तिघं:
एक अध्यक्षांचे शाळासोबती,
एक पोर्तुगालहून फोनवर, मागे कुत्रं भुंकतंय,
तिसऱ्या बाईंनी एक प्रश्न विचारला,
तेवढ्यात चहा आला.

माझ्या कागदावर एक चौकट होती, ‘निरीक्षणे’.
मी लिहिलं, निरंक.

मे महिन्यात अहवाल आला, जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेसारखा.
पान चारवर मॉरीन, हातात बशी,
खाली ओळ: आमची माणसं हीच आमची खरी मत्ता.
पुढे ‘सत्य व रास्त चित्र’, त्याखाली आमची सही,
आणि टीप सतरा, मुंगीच्या अक्षरांत.
मी पेराने त्यावर टिचकी मारून पाहिली.
कागद वाजत नाही.

ऑक्टोबरात वखारीला कुलूप.
पेन्शन फंडात केवढा खड्डा, ते मॉरीनला
पोस्टाने कळलं, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर.

ती तिसरी बशी माझ्याकडेच राहिली.
म्हणजे मोजणीत एक कमी.
तेही मी कुठे लिहिलं नाही.
दाराशी ठेवलीय, संध्याकाळी आल्यावर
किल्ल्या टाकते तिच्यात.
आतल्या खोलीतून नवरा विचारतो, काही फुटलं का?
नाही, म्हणते मी.
अजून नाही.