दोन मालकांची गाडी

शांबा, तू विचारतोस गाडी कशी आहे,
असलीच घेऊ का.
सहा वर्षं झाली. सांगतो.

मायलेज बारा. कंपनी सतरा म्हणते,
माझा मेव्हणा वीस; त्याचं तू सोड.
तिसऱ्या रांगेत माणूस बसत नाही,
घडी होऊन राहतो,
आणि साखळीला पोचेपर्यंत त्याचा स्वभाव बदललेला असतो.
ग्राउंड क्लिअरन्स ओहोटीला कळतो,
चोडणच्या धक्क्यावर, फेरीबोटीचा रॅम्प खाली लोंबतो तेव्हा.
तिथं भल्याभल्या गाड्यांनी नाक घासलंय.
हिने नाही.

एकदा डिकीत बांगड्यांचं पाणी सांडलं.
लिंबू झालं, कॉफीची पूड झाली,
खोर्लीच्या सर्व्हिसवाल्याने काहीतरी फेसाळ फवारून बाराशे घेतले.
एप्रिलात उन्हात उभी केली
की बांगडे परत येतात.
उंदरांनी वायर खाल्ली. विम्यात उंदीर बसत नाही.
बाजूच्या सीटवर नारळाचं पोतं ठेवलं
तर माणूस समजून ओरडते;
मी नारळांना पट्टा बांधतो.

एवढं सगळ्याच गाड्यांचं असेल.

आमची सात सीटची, कारण तेव्हा आम्ही सात होतो.
शोरूममध्ये आईने एकेका सीटवर थाप मारून
एकेकाचं नाव घेतलं, पानं मांडावीत तसं.
निम्मे हप्ते माझे, निम्मे प्रेमानंदचे.

मग भाट वाटलं गेलं.
विहिरीचे वार ठरले.
गाडी तेवढी मधोमध चिरता येईना.
एक आठवडा माझा, एक त्याचा,
चावी आईच्या खिडकीत, उदबत्तीच्या डब्यामागे.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही.
पण सोमवारी दार उघडलं
की सीट चार बोटं मागे गेलेली,
त्याचे पाय लांब, लहानपणापासून.
आरसा छताकडे बघतोय.
मी सीट पुढे ओढतो, कट्ट, कट्ट,
आणि मला ठाऊक असतं, पुढच्या सोमवारी
तो शिवी घालत ती मागे ढकलणार.

खणात एक वही आहे.
डिझेलवरून भांडण नको म्हणून आकडे लिहायचं ठरलेलं.
त्याचं अक्षर: ४१२०६. अर्धी टाकी. ब्रेक किरकिरतो.
माझं: ४१५९०. अर्धी टाकी. पॅड बदलले, २८००.
त्याचं: आईचा चष्मा मागे सापडला.
माझं: मिळाला.
चवथीनंतर त्याचं:
माटोळीच्या मुंग्या तुझ्या, माझ्या आठवड्यात निघाल्या.
खाली, वेगळ्या पेनाने:
आंबाडे कुठून आणलेस?
माझं: माशेल.

परवा त्याचा आठवडा.
मी रायबंदरहून पायीच फेरीत चढलो.
नदीच्या मध्यावर पलीकडची फेरी आली,
तिच्यावर आमची गाडी,
खिडकीतून बाहेर त्याचं कोपर.
बोटी अगदी जवळून जातात, तुला माहीत आहे.
भर उन्हात हेडलाइट एकदा लागला, विझला.
माझ्या हातात पावांची पिशवी होती,
ती मी जरा वर केली.
पुनो खलाशी म्हणाला, ती गाडी तुमचीच न्हय रे?
मी म्हटलं, आमचीच.

बोटीवर गाडी उभी असते,
ओडोमीटरला नदी कळत नाही.
वहीत सोमवारी नेहमीसारखा आकडा होता,
आणि पुढे: टाकी फुल.
बाकी काही नाही.

तर घे, शांबा. पांढरी घेऊ नकोस, चिखल दिसतो.
या आठवड्यात मी सीट पुढे ओढलेली नाही,
तशीच धक्क्यापर्यंत नेतो, आणतो.
क्लच हलका आहे.
पायाच्या बोटांनीही दबतो.