चाळीस अंड्यांच्या गोगलगायी

चाळीस अंडी. पाणी नाही, एक थेंबही नाही.
रोझालिया हे तीनदा सांगते, जणू आम्ही कालच जन्मलो.
पाण्यात मळलं तर सूपमध्ये चिखल होतो,
आणि लग्नात चिखल वाढला
तर तिसा नदीच्या दोन्ही काठांवर सात पिढ्या तेच बोलत बसतात.

अंडी तेरकाच्या कोंबड्यांची. बलक इतके नारिंगी
की पिठाच्या आळ्यात फोडले तेव्हा
फेब्रुवारीतल्या त्या स्वयंपाकघरात थोडं उजाडलं.

मळणं माझ्याकडे. नेहमीच.
"विल्माला खांदे दिलेस, आता नवराही दे,"
आई देवाला म्हणायची.
त्यानं खांद्यांवरच भागवलं.

कणीक आधी दगड असते.
मग तळहाताच्या टाचेखाली कधीतरी कबूल होते.
कापून बघायची: आत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की झाली.
कोमट पातेल्याखाली तिला निजवायचं,
आपण जर्दाळूच्या दारूचा एकेक घोट घ्यायचा.

लाटणं दोन हात लांब.
पोळी एवढी पातळ, की खालच्या जुन्या वर्तमानपत्रातला
मक्याचा भाव वाचता यावा.
मग नखाएवढे चौकोन.
मग फणी.

फणी पणजीच्या मागाची, बोरूच्या काड्यांची.
माग केव्हाच चुलीत गेला,
फणीचे तेवढे तुकडे करून पाट्यांवर ठोकले.
चौकोन तिरका ठेवायचा, चातीनं दाबून एक झटका,
की अंगावर रेघा घेऊन
तो गुंडाळत बाहेर येतो. गोगलगाय.
एका वाटीत किती मावतात, मोजायच्या नाहीत. मोजलं की रडू येतं.

नवरी सहसा यात बसत नाही.
किंगा बसली.
अर्धा किलो झाला असेल, तेव्हा मान वर न करता म्हणाली,
"मी बोतोंदशी लग्न करत नाहीये."

कुणाचा हात थांबला नाही.
सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं,
पण पोळी उघडी पडलेली होती.
दहा मिनिटांत चौकोन कडक होतात,
गुंडाळायला जावं तर तुटतात.
सात बायका, सात चात्या. खर्र. खर्र.

"हॉलचे पैसे दिले?" तेरका.
"अर्धे."
खर्र.
"हात उचलतो?"
"नाही. चांगला आहे.
मी खोलीत आले की रेडिओ मोठा करतो."
खर्र.

रेडिओ काय, बंद करता येतो,
असं कुणी म्हणालं नाही.
आमच्यापैकी पाच जणींच्या घरी रेडिओ होते.

बोतोंदची आत्या एमेरेन्सिया त्याच टेबलाशी होती, खिडकीकडच्या खुर्चीत.
तिनं आपला ढीग हातानं वेगळा केला.
बराच वेळ बघत राहिली.
मग पुन्हा मोठ्या ढिगात लोटून दिला
आणि म्हणाली, "अजून अंडी आहेत ना? मग?"

चार किलो गोगलगायी माझ्या पलंगावर, पांढऱ्या चादरीवर वाळल्या.
तीन रात्री मी बाकावर झोपले.
अर्धवट वाळलेल्या पिशवीत भरल्या तर बुरशी धरते,
बाकी गोष्टींचं मला माहीत नाही.

वाटून घेतल्या सगळ्यांनी, उशांच्या अभ्र्यांतून.
वर्षभर खाल्ल्या.
तेरकाच्या नातवाला गोवर आला तेव्हा,
रोझालियाच्या दिराच्या तेराव्याला नव्हे, आमच्यात तसं नसतं, पण पुरून आल्यावरच्या जेवणाला,
आणि किंगा सोल्नोकहून पहिल्या पगाराची
कोंबडी घेऊन आली, त्या रविवारी.
दोन ताटल्या सूप प्यायली. फारसं बोलली नाही.
जाताना तिनं फणीच्या पाट्यांपैकी एक मागितली.
कशाला, मी विचारलं नाही.

काल अभ्रा झटकला.
शेवटची मूठ निघाली,
आणि तिच्यात एक चौकोन, सपाट,
कधीच न गुंडाळलेला.

सातांपैकी कुणाचा तरी हात
थांबला होता तर.

मी तोही उकळत्या पाण्यात टाकला.